पगार लांबला तरी वस्तीची गाडी सुटते

1 जून 1948 रोजी सुरू झालेल्या एसटीवर तोट्याचा डोंगर आहे, हे मालवण आगारातल्या कंडक्टरला वेगळं सांगायला नको. कोरोनाकाळात पगार लांबले. 2021-22मध्ये राज्य सरकारमध्ये विलीनीकरणासाठी महिनोन्‌महिने संप चालला. तरी माणसं कामात रमतात. तोटा भरून काढणं त्यांच्या हाती नसतं, गाडी वेळेवर सोडणं असतं. रात्री गावात मुक्कामी थांबणाऱ्या वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात. पहाटे कुणीतरी चहा आणून देतं, कॉलेजची पोरं नावानं हाक मारतात. हा मान ताळेबंदातून येत नाही. मात्र समाधानाच्या नावाखाली थकलेला पगार विसरायला लावणं अन्यायच. पीएफचा हिशेब तपासत राहावं. घरीही खरी परिस्थिती सांगावी, म्हणजे कर्जाचा हप्ता आणि गणपतीचा खर्च यांचा मेळ आधीच घालता येतो.