आधीं अभय, मग दान

दानधर्माची आवड आमच्या घरांतून नाहींशी झाली, असें म्हणणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. श्राद्धपक्षाला शिधा निघतो, अनाथाश्रमास वर्गणी पोंचते, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीहि फाडली जाते. परंतु गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीची जी गणना आहे तींत दान चौथें आहे. पहिलें अभय आहे. अध्याय मुखोद्गत असणाऱ्यांचेंहि या क्रमाकडे सहसा लक्ष जात नाहीं. टीकाकार अभयाचा अर्थ अधिक सूक्ष्म लावतील. आम्हांस येथें इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, जो विटाळास व लोकापवादास भितो, त्याच्या हातून पैसा सुटतो, पण तो हात दुःखिताच्या अंगाला लागत नाहीं.

याचा दाखला आमच्या नागपुरांतच आहे. सन १९२१ मध्यें सीताबर्डीवर कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने या दोघींनीं मातृसेवा संघ स्थापन केला. कमलाताईंचा जन्म १८९६ चा. लग्न बालपणीं झालें आणि वैधव्यहि लहान वयांतच आलें. अशा मुलीनें माजघरांत राहावें, सोंवळ्याचा स्वयंपाक करावा, पोथी ऐकावी आणि मंगल कार्यांत पुढें येऊं नये, हा त्या काळचा शिष्टसंप्रदाय. कमलाताईंनीं येथील डफरिन रुग्णालयांत परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण घेतलें. जिचें दर्शन लोक अशुभ मानीत, तिच्याच हातांत नवजात अर्भक प्रथम यावें, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या वेळीं बाळंतपण कसें होई, हें तरुण वाचकांस सांगितलें पाहिजे. घरांतील सर्वांत अंधारी खोली बाळंतिणीची. दारें-खिडक्या लावलेल्या, शेगडीचा धूर कोंडलेला, अंथरुणाला टाकाऊ चिंध्या. ज्या पात्यानें नाळ कापावयाची तें उकळून घेण्याची वार्ताच नसे. मग आठवड्याभरांत मुलास धनुर्वात, नाहीं तर बाळंतिणीस ज्वर. आणि दोष सटवाईच्या माथीं. सोहेर मात्र दहा दिवस कांटेकोर पाळलें जाई! न धुतलेल्या हातांमुळें बाळंतिणी दगावतात, हें व्हिएन्ना येथील सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरांनीं १८४७ सालींच दाखवून दिलें होतें. तेथील विद्वानांनींहि त्यांचें ऐकलें नाहीं. तेव्हां केवळ आपल्याच आज्यांना नांवें ठेवूं नयेत. गीतेच्या त्याच अध्यायांत शौच हाहि गुण सांगितला आहे. दुसऱ्यापासून आपलें अंग राखणें हा त्याचा एक अर्थ झाला; आपल्या हातांपासून दुसऱ्याचें अंग राखणें हा दुसरा. मातृसेवा संघानें हा दुसरा अर्थ घरोघरीं नेला. पुढें १९५८ मध्यें संघानें समाजकार्याचें महाविद्यालय काढलें. कमलाताईंना १९६१ मध्यें पद्मश्री मिळाली, आणि १९८१ मध्यें त्या निवर्तल्या.

अभयाची याहूनहि कठीण कसोटी वर्ध्याजवळ लागली. परचुरे शास्त्री हे संस्कृताचे पंडित. त्यांना कुष्ठरोग जडला. १९३९ मध्यें ते सेवाग्रामास आले. त्या वेळीं या रोगावर हुकमी औषध नव्हतें. गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेतलें आणि स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळलें. पुढें ते दत्तपूरच्या कुष्ठधामांत गेले. तें कार्य मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ मध्येंच आरंभिलें होतें. १९८२ पासून अनेक औषधें एकत्र देऊन हा रोग पूर्ण बरा करतां येतो. लोकांचें भय मात्र अद्याप गेलेलें नाहीं.

एवढें वाचून कांहीं वाचक विचारतील, देणगी कोठें पाठवावी? देणगी अवश्य पाठवावी. पण आमचें लक्ष दुसरीकडेच आहे. घरांतील मुलगी डॉक्टर होतें म्हणाली कीं पेढे वांटले जातात. तीच परिचारिका होतें म्हणाली, तर आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात, काका गप्प होतात, आणि ‘परक्या माणसांचीं मलमूत्रें काढण्यासाठीं का तुला शिकविलें?’ असें आजी विचारते. याच घरांतून कमलाताईंची थोरवी मुलींना मोठ्या अभिमानानें सांगितली जाते, हेंहि आम्हीं ऐकलेलें आहे.