सांभाळायला घेतलेले मूल आणि दत्तक मूल

लग्नाला दहा-बारा वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात बोलणी सुरू होतात. कोणी नवस सांगते, कोणी औषध सांगते. मग एक दिवस कोणीतरी हळूच कानात म्हणते, "अमक्या दवाखान्यात एक पोर आहे. आईला नको झालंय. थोडे पैसे दिले की मिळेल. कागदबिगद काही लागत नाही."

मंडळी, असे बोलणे कानावर आले तर तिथेच थांबा. पैसे देऊन मूल घेणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. पैसे दिले नाहीत, पण कायद्याची वाट सोडून मूल घेतले, तरीही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आणि कैदेपेक्षाही वाईट गोष्ट पुढेच आहे. दोन-तीन वर्षांनी पोलीस दारात येतात. तोवर पोराला तुमचा लळा लागलेला असतो. त्या वेळी त्याला तुमच्या पदरातून सोडवून नेतात. मग कोणाला दोष देणार?

सरळ वाट आहे. तीच आज सांगतो.

दत्तक घेणे आपल्याकडे नवे नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराज तुम्हाला ऐकून माहीत असतील. ते मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. नाव गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते! पुढे याच राजाने आपल्या राज्यात सक्तीचे शिक्षण आणले. सांगायचे एवढेच, की बारा वर्षांचे पोरही नव्या घरात रुजते. आज मात्र जो तो तान्हे मूल मागतो. सात-आठ वर्षांची पोरे बालगृहात वाट बघत राहतात.

पूर्वी दत्तक घ्यायचे ते वंशाला दिवा हवा म्हणून, आणि तोही मुलगाच. हिंदूंसाठी १९५६ साली कायदा झाला. त्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, आणि बाईलाही आपल्या नावाने दत्तक घेता येऊ लागले. बालकांच्या संरक्षणाचा जो कायदा आज चालतो तो २०१५ चा. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्याचा रोख निराळा आहे. घराला मूल हवे का, हे तो आधी विचारत नाही. या मुलाला घर हवे, ते कुठले चांगले, हे तो आधी पाहतो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचे सगळे नियम का आहेत ते आपोआप कळते.

आता दोन शब्द नीट समजून घ्या. एक दत्तक. दुसरा प्रतिपालन, म्हणजे दुसऱ्याचे मूल सरकारच्या परवानगीने आपल्या घरी सांभाळणे.

दत्तक मूल पुरते तुमचे होते. तुमचे नाव लागते, घरात आणि जमिनीत पोटच्या पोराइतकाच वाटा मिळतो. जन्म देणाऱ्या घराशी त्याचा कायद्याचा संबंध उरत नाही. दत्तकाचा हुकूम पूर्वी कोर्ट देत असे. २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात.

प्रतिपालनातले मूल तुमच्या घरी राहते, तुमच्या ताटातले जेवते, तुमच्या गावच्या शाळेत जाते. पण नाव त्याच्या आईबापाचेच राहते. तुमच्या जमिनीत त्याला हक्क नसतो, आणि त्याच्यावर तुमचा कायमचा हक्क नसतो. त्याचे आईबाप सावरले, तर ते परत जाते. ती ठेव आहे म्हणा ना.

कोणती मुले अशी येतात? आई आजारी, बाप मेलेला, नातेवाईक हात वर करून बसलेले. किंवा आईबाप तुरुंगात. किंवा घरात मारहाण एवढी, की पोर तिथे ठेवणे धोक्याचे. २०२४ साली सरकारने नव्या सूचना काढल्या. त्यांप्रमाणे सहा वर्षांवरची, बालगृहात राहणारी मुले अशा घरांत ठेवता येतात. नवराबायको मूल घेऊ शकतात, आणि एकटी बाई किंवा एकटा पुरुषही घेऊ शकतो. मात्र एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही.

याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे. मूल दोन वर्षे तुमच्याकडे नांदले, आणि त्याला दत्तकासाठी कायद्याने मोकळे ठरवलेले असले, तर तुम्हाला ते दत्तक मागता येते. आधी ही मुदत पाच वर्षे होती. 'कायद्याने मोकळे' याचा अर्थ असा, की त्याच्यावर हक्क सांगणारे कोणी नाही, किंवा आईबापांनी ते रीतसर सोडले आहे. आईबापांनी सोडले तरी त्यांना फेरविचाराला दोन महिने देतात. आम्हाला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. नुकती बाळंत झालेली, घाबरलेली पोरगी आज 'नको' म्हणते. महिन्याने तिचे मन फिरू शकते.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी जोडपे आहे. गाव सांगत नाही. त्यांच्याकडे आठ वर्षांची मुलगी सांभाळायला आली. बाप गेलेला, आईला क्षय, तोही लवकर न हटणारा. पहिले दोन महिने ही पोर जेवताना अर्धी भाकरी फडक्यात बांधून अंथरुणाखाली ठेवी. बाईने एकदा पाहिली, आणि काही बोलली नाही. रात्री उशाशी स्वतःच एक भाकरी झाकून ठेवू लागली. हळूहळू पोरीने लपवणे सोडले. ती बाईंना 'काकी' म्हणे. बाई म्हणत, "आई म्हण असं मी कधी सांगितलं नाही. तिची आई जिवंत आहे."

आई मधूनमधून एस.टी.ने भेटायला येई. आईबापांना अशी भेट घेता येते. मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले तरच ती थांबवतात. आई आली की पोर आनंदाने उड्या मारी, आणि ती गेली की दोन दिवस रुसून बसे. तेव्हा शेजारणी म्हणत, "परक्याचं ते परक्याचंच." बाईंना ते फार लागे.

दीड वर्षाने आई बरी झाली. तिला काम मिळाले. पोर परत गेली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, असे नवऱ्याने आम्हाला सांगितले. मुलगी सुट्टीत फोन करते. शाळेत कितवा नंबर आला ते सांगते. आणि आता त्या घरात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला कोणीच नाही. दोन वर्षे भरायला अजून काही महिने आहेत. बाई दिवस मोजतात, पण त्याच्यासमोर बोलत नाहीत.

ज्याला हा घाव सोसवणार नाही, त्याने या वाटेने जाऊ नये. त्यात लाज नाही. त्याने सरळ दत्तकासाठी नाव नोंदवावे. तिथे वाट पाहायला लागते, कित्येकदा वर्षानुवर्षे, पण हाती आलेले मूल परत मागायला सहसा कोणी येत नाही.

पैशाचे म्हणाल, तर मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालनाच्या मुलासाठी महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. हे पैसे मुलाच्या दुधाचे, वह्यांचे, औषधाचे. पैसे मिळतात म्हणून मूल आणायचे, किंवा गुरे राखायला एक हात हवा म्हणून आणायचे, असा विचार मनात असेल तर आत्ताच सोडा. दर महिन्याला घराची पाहणी होते. मूल शाळेत जाते का, नीट जेवते का, हे त्यालाच एकट्याला घेऊन विचारतात.

भावाचे किंवा बहिणीचे मूल घ्यायचे असेल, तर 'आजपासून हा तुझा' एवढ्यावर भागवू नका. त्याचीही कायद्याची रीत आहे. दत्तकपत्र करून ते नोंदवून घ्या. नाहीतर पुढे सातबाऱ्यावर नाव लावताना भाऊबंद आडवे येतात.

जायचे कुठे? जिल्ह्याच्या गावी महिला व बालविकास अधिकाऱ्याचे कार्यालय असते. तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करा. अर्ज संगणकावर भरायचा असतो. जमत नसेल तर तिथे मदत मागा. मग समाजसेवक तुमच्या घरी येतो. घर दाखवताना लाजू नका. माती लिंपलेले घर चालते, दारूचा गुत्ता झालेले चालत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना काय वाटते, आधीची मुले काय म्हणतात, हेही तो विचारतो. शेवटी बाल कल्याण समिती ठरवते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक बाई असलीच पाहिजे. मुलाचेही मत घेतात.

रस्त्यावर, एस.टी. स्टँडवर एकटे पोर सापडले, तर त्याला घरी घेऊन बसू नका. १०९८ या नंबरावर फोन करा. दिवसा-रात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत. किंवा जवळच्या पोलिसाला कळवा. चोवीस तासांच्या आत त्या पोराला समितीपुढे नेले पाहिजे, असा कायदा आहे.

कार्यालयात गेलात, की कागद पुढे येतील. आधी स्वतः वाचा. अडला तो शब्द विचारा. 'दत्तक' लिहिले आहे की 'प्रतिपालन', तेवढे बघा, आणि मग सही करा. काही फी भरलीत तर तिची पावती मागा.