शेजाऱ्याच्या रिमोटने आपला चॅनल बदलतोय? एक्स्टेंडरची फ्रिक्वेन्सी बदलण्याआधी हे वाचा

चाकण : चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. सेट-टॉप बॉक्स पुढच्या खोलीत आणि दुसरा टीव्ही आतल्या खोलीत असला, की आतून चॅनल बदलायला 'रिमोट एक्स्टेंडर' लावतात. पण भिंतीपलीकडच्या घरातही तसाच एक्स्टेंडर आला की पंचाईत होते. आपण बातम्या बघत असतो, तिकडे बटण दाबलं जातं आणि आपल्याकडे सिरियल लागते. मग कुणीतरी सांगतं, "फ्रिक्वेन्सी बदलून घ्या." हे काम वाटतं तेवढं सोपं नाही.

एक्स्टेंडर चालतो कसा?

साधा रिमोट डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडतो. बहुतेक रिमोटमध्ये तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. हा प्रकाश भिंतीतून जात नाही. म्हणून एक्स्टेंडरचा एक डबा तो पकडून रेडिओ लहरीवर चढवतो. दुसरा डबा बॉक्ससमोर ठेवलेला असतो. तो ती लहर पकडून पुन्हा प्रकाश सोडतो. बाजारातले बरेचसे सेट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. अनेक मोटारींच्या चाव्या आणि गेटचे रिमोटही याच पट्ट्यात असतात.

मग गल्लत का होते?

साधा एक्स्टेंडर 'हा इशारा कोणत्या घराचा' हे ओळखतच नाही. जे येईल ते पुढे ढकलतो. दोन्ही घरांत एकाच कंपनीचा बॉक्स असेल, तर शेजारचं बटण आपला बॉक्सही मानतो.

फ्रिक्वेन्सी बदलली तर?

लहर पाठवणाऱ्या डब्यात रेझोनेटर नावाचा छोटा धातूचा भाग असतो. फ्रिक्वेन्सी तोच ठरवतो. तो बदलला की दुसऱ्या डब्यातलं रिसिव्हरचं ट्यूनिंगही बदलावं लागतं. एकच बाजू बदलली तर दोन्ही डबे एकमेकांना ओळखणार नाहीत. अँटेनाचंही माप बदलतं. ४३३ ला सुमारे १७ सेंटीमीटर तार लागते, तर ३१५ मेगाहर्ट्झला सुमारे २४. माप चुकलं की पल्ला घटतो.

खरी अडचण पुढे आहे. स्वस्त रिसिव्हरचा कान मोठा असतो. आजूबाजूच्या लहरीही तो ऐकतो. त्यामुळे फ्रिक्वेन्सी थोडीशी सरकवून उपयोग होत नाही. शेजारचा इशारा येतच राहतो. जास्त सरकवायची, तर ठरलेला पट्टा सोडावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे कमी ताकदीच्या, घरातल्या वापराच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. त्यात ताकदीची मर्यादा १० मिलीवॅट. ३१५ मेगाहर्ट्झला तशी सूट नाही. बाहेरच्या देशांत चालणारा सुटा भाग ऑनलाइन मिळतो, म्हणून तो इथे चालतो असं नाही. पल्ला वाढावा म्हणून ताकद वाढवणंही चूकच. त्याने आसपासच्या गाडीची चावी किंवा गेट चालेनासं होऊ शकतं.

आधी हे करून बघा

- डब्यावर चॅनलचा किंवा ए-बी-सी असा छोटा स्विच आहे का पाहा. असला तर दोन्ही डब्यांवर एकच, पण शेजाऱ्यापेक्षा वेगळी जागा लावा.
- शेजाऱ्याला सांगून त्याचा एक्स्टेंडर थोडा वेळ बंद ठेवा. तरीही चॅनल बदलत असेल तर दोष दुसरीकडे आहे. उन्हाचा झोत किंवा एखादा दिवाही डब्याला चकवतो.
- दोन्ही डबे सामायिक भिंतीपासून लांब ठेवा. अँटेना गुंडाळल्यास पल्ला कमी होतो, आणि इथे तेच हवं असतं.
- शक्य असेल तिथे तारेचा एक्स्टेंडर वापरा. तार भिंतीतल्या भोकातून नेली की रेडिओचा प्रश्नच उरत नाही.

विहिरीच्या मोटारीला मात्र नको

अशीच स्वस्त रेडिओ किट मोटारीच्या स्टार्टरला जोडण्याचा मोह होतो. घरात चुकीचा इशारा आला तर फार तर चॅनल बदलेल. विहिरीवर माणूस दुरुस्तीला उतरलेला असताना मोटार सुरू झाली, तर जीव जाईल. मोटारीला स्वतःचा वेगळा कोड असलेलाच रिमोट घ्या. आणि कोणताही रिमोट असो, मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा.