इमारतींची नाडीपरीक्षा

पावसाळा जवळ आला, की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका आपापल्या क्षेत्रांतील धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात. या याद्यांमागे कटू अनुभव आहे. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्ली येथील ‘मातृकृपा’ इमारत कोसळून नऊ जण मृत्युमुखी पडले. अवघ्या आठवड्याने, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्यातील नौपाडा भागात ‘कृष्णा निवास’ कोसळून बारा जणांचा बळी गेला. दोन्ही इमारती जुन्या होत्या आणि दोन्ही ऐन पावसाळ्यात पडल्या. इमारतीची प्रकृती ढासळत असल्याची सूचना आधीच मिळविता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच या परिसरातील हजारो कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे.

आतून लागणारी वाळवी

काँक्रीट ताजे असताना त्यातील क्षारधर्मी गुणामुळे आतील लोखंडी सळई सुरक्षित राहते. कालांतराने हवेतील कर्बवायू आत झिरपून हा गुण नष्ट करतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातील गळतीने ऱ्हासाचा वेग वाढतो. सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागत असल्यामुळे तो भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. खांबांवरील उभ्या चिरा आणि छताचे सुटणारे पोपडे ही त्याचीच लक्षणे होत. रहिवासी त्यांवर गिलावा करतात. लक्षण झाकले जाते. रोग मात्र तसाच राहतो.

संवेदक काय पाहतो?

बाजारात मडके घेताना गृहिणी त्यावर टिचकी मारून पाहते. तडा गेलेल्या मडक्याचा नाद बदलतो. इमारतीचेही तसेच आहे. वारा, वाहतूक, जवळून जाणारी आगगाडी यांमुळे प्रत्येक इमारत डोळ्यांना न दिसेल इतकी सतत हलत असते. चार-पाच मजली काँक्रीटची इमारत सेकंदाला साधारणतः दोन ते चार वेळा डोलते. खांब दुबळे झाले, की ही गती मंदावते. प्रवेगमापक नावाचा संवेदक नेमका हाच बदल टिपतो. दुसरा संवेदक कल मोजतो. बारा मीटर उंचीच्या इमारतीचा कल अंशाच्या केवळ दहाव्या भागाने वाढला, तरी तिचा माथा सुमारे २१ मिलिमीटर सरकतो. याशिवाय तड्याची रुंदी, तापमान आणि ओलावा मोजणारे संवेदकही असतात.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणातील प्रवेगमापकाने धरणाला बसलेल्या हादऱ्याची नोंद केली. जगभरातील धरण-अभियंत्यांनी ती अभ्यासली. तथापि, अशी उपकरणे महाग असत आणि मोठ्या प्रकल्पांनाच परवडत. आता मोबाईल फोनमध्ये असते त्याच जातीच्या इवल्याशा चकतीवर प्रवेगमापक मावतो. बिनतारी संदेशवहनामुळे लोकांच्या घरांतून तारा ओढण्याचा खर्च आणि त्रास वाचतो. उपकरण बहुतेक वेळ निद्रिस्त राहून ठरावीक वेळी जागे होत असल्याने लहानशा बॅटरीवर दीर्घकाळ चालू शकते. २००६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर असे ६४ बिनतारी संवेदक बसवून पुलाची कंपने मोजली होती.

यंत्राच्या मर्यादा

तथापि, यंत्राकडून अवास्तव अपेक्षा ठेवणे घातक ठरेल. उन्हाने आणि ओलाव्यानेही इमारतीची कंपने किंचित बदलतात. म्हणून निरोगी अवस्थेतील चढउतार कळण्यासाठी किमान एका वर्षाच्या, म्हणजे तिन्ही ऋतूंच्या नोंदी हव्यात. दुसरे असे, की संपूर्ण इमारतीचे डोलणे मोजणाऱ्या संवेदकाला एखाद्या खोलीच्या छताचा दुबळेपणा कळेलच, असे नाही. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील ‘सप्तशृंगी’ इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळून सहा जण दगावले. अशा धोक्यासाठी जाणकार अभियंत्याची हातोडी आणि नजर यांना पर्याय नाही. आणि ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा येथे ७४ बळी घेणारी इमारत तर बांधकाम चालू असतानाच कोसळली. अनधिकृत आणि निकृष्ट बांधकामावर संवेदक हा उपाय नव्हे.

योग्य जागी योग्य वापर

ज्या इमारतींच्या वापरास तीस वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांची संरचनात्मक तपासणी करून घेणे महानगरपालिका अधिनियमानुसार मालक व भोगवटादारांवर बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतींचे चार वर्ग केले जातात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडावयाची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. स्वस्त संवेदकांचे खरे स्थान शेवटच्या दोन वर्गांत आहे. दोन तपासण्यांमधील काळात आणि दुरुस्ती चालू असताना त्यांची राखण उपयोगी पडेल.

सी-१ वर्गातील इमारतीत मात्र संवेदक हा तेथेच राहण्याचा परवाना होऊ नये. घर सोडले तर हक्क जाईल, या भीतीने कुटुंबे मोडकळीस आलेल्या घरांत राहतात. त्यांची ही भीती यंत्राने दूर होणार नाही. त्यासाठी पर्यायी निवारा आणि पुनर्वसनाची हमीच हवी. त्याचप्रमाणे संवेदकाचा इशारा कोणाकडे जाईल, रात्री-अपरात्री रहिवाशांना कोण उठवील आणि ते कोठे जातील, हे आधी ठरलेले नसेल, तर सर्वोत्तम यंत्रही व्यर्थ होय.

तोवर एक साधा उपाय प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या आवाक्यात आहे. संशयास्पद तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस पक्की चिकटवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली, तर तडा वाढतो आहे असे समजून विनाविलंब नोंदणीकृत संरचना अभियंत्यास बोलवावे व महानगरपालिकेस कळवावे. पट्टी शाबूत राहिली, तरी नियमित तपासणी टाळू नये. संवेदक स्वस्त असो वा महाग, त्याचे काम इशारा देण्याचे आहे. त्यावर वेळीच पाऊल उचलणे माणसांच्याच हाती आहे.