भाव वर ठरतो, जाब खाली विचारतात

मोठ्या साखळी दुकानाचं शटर सकाळी वर जातं तेव्हा दुकान मागच्या दाराने कधीच सुरू झालेलं असतं. दूध, पाव आणि भाजी थेट पुरवठादाराकडून येते. डाळी, तेल, साबण, बिस्किटं कंपनीच्या गोदामाच्या गाडीतून येतात. गाडी लागली की खोकी उतरतात आणि माल घेणारा मुलगा हातातलं स्कॅनर घेऊन एकेका खोक्याला बीप करत जातो. नग मोजायचे, फुटलेलं बाजूला काढायचं, तारीख बघायची, पाकिटावरची एमआरपी सिस्टिममधल्या एमआरपीशी जुळते का ते बघायचं. जुळली नाही तर माल फळीवर जात नाही, मग त्या डाळीसाठी गिऱ्हाइकं कितीही ओरडू देत. याला ‘जीआरएन करणं’ म्हणतात. गाडीवाल्याला पुढच्या दुकानात पोचायचं असतं, मॅनेजरला शटर उघडायच्या आत पॅसेज मोकळा हवा असतो, आणि दोघंही घाई त्या एका मुलालाच करतात.

पुण्याच्या एका उपनगरातल्या अशा दुकानात मी काही काळ कामाला होते, आधी किराणा विभागात आणि नंतर बिलिंगला. बरोबरची पोरं लातूर, नांदेड, यवतमाळकडून आलेली. कुणी पोलीस भरतीची तयारी करणारं, कुणी बारावीनंतर ‘सध्या हेच’ म्हणून लागलेलं. बायका बहुतेक आसपासच्या वस्तीतल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर पहिल्यांदाच नोकरीला बाहेर पडलेल्या.

पहिलं काम शिकवतात ते ‘फेसिंग’चं. जुन्या तारखेचा माल पुढे ओढायचा, नवा मागे सारायचा, प्रत्येक पाकिटाचं तोंड गिऱ्हाइकाकडे करायचं आणि फळीची कड भरलेली दिसली पाहिजे. मागे चार इंच पोकळी असली तरी चालते, पुढून भिंत दिसायला हवी. कुठलं बिस्कीट कुठे आणि त्याला किती जागा, हे दुकानात कुणी ठरवत नाही. मुख्यालयातून फळीचा नकाशा येतो, प्लॅनोग्राम, आणि त्याप्रमाणे लावून फोटो काढून परत पाठवायचा. डोळ्यांच्या उंचीची फळी आणि रांगेच्या टोकाची मांडणी सगळ्यात मोलाची, कारण तिथे जागा मिळावी म्हणून माल बनवणाऱ्या कंपन्या पैसे मोजतात. दहा किलोचं पीठ, पाच लिटरचे डबे तळाला. त्यामुळे विक्रीचं गणित काहीही असो, गुडघ्यावर बसून भरायच्या फळ्या सगळ्यात जड मालाच्या असतात.

हे काम रोज अंगण झाडण्यासारखं आहे. विक्री चांगली झाली म्हणजे फळी विस्कटणारच. त्यात गिऱ्हाईक हुशार. दही आणि पाव घेताना हात थेट मागे घालतं, कारण ताजी तारीख मागे असते हे आता सगळ्यांना माहीत आहे. दुपारपर्यंत पुढे ओढलेला माल मागे आणि मागचा गायब.

खरं दुकान कळतं ते रात्री, गिऱ्हाइकं गेल्यावर. सोडून दिलेल्या वस्तू गोळा करायला ट्रॉली घेऊन निघायचं. टॉवेलांच्या घडीत पनीर सापडतं. डिटर्जंटमागे वितळलेलं आईस्क्रीम. काउंटरजवळच्या चॉकलेटांवर ठेवलेली कोथिंबिरीची जुडी, बहुधा रांगेत उभं राहिल्यावर बजेट आठवलेल्या कुणाची तरी. साबण, डबा, मोजे परत आपापल्या जागी जातात. पनीर जात नाही. ते फ्रिजबाहेर किती वेळ होतं कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ते डम्पला, म्हणजे फेकण्याच्या मालात. डम्पची रोज नोंद होते, आणि आकडा वाढला की विभागाला विचारणा होते, जणू पनीर आम्हीच टॉवेलात गुंडाळलं होतं.

इथेच या नोकरीची मेख आहे. आपल्याकडे एका छपराखालचं मोठं दुकान नवं नाही. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत 1948 मध्ये ‘अपना बाजार’ सहकारी तत्त्वावर उभा राहिला. 2001 मध्ये बिग बझार आलं, 2002 मध्ये पवईत डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं, आणि महिन्याचं सामान भरायची मध्यमवर्गाची रीतच बदलली. पण किराणा दुकानात शेठ समोर बसलेला असतो. तो उधारी लिहितो, वरचे दोन रुपये सोडतो, नको असलेला साबण दुसऱ्या दिवशी परत घेतो. साखळीत हे सगळे निर्णय मुख्यालयात होतात. फळीपाशी आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला एक रुपया सोडायचा अधिकार नसतो. गिऱ्हाइकाला मात्र दुकान म्हणून दिसतो तो तोच.

बिलिंगला हे रोज भोगायला मिळतं. लांबून काम सोपं दिसतं, उचला, बीप करा, ठेवा. 890 ने सुरू होणारा तेरा आकड्यांचा बारकोड लागला तर सोपंच असतं. तो चुरगळला की आकडे हाताने मारायचे. भाजीवर काट्यावरचा स्टिकर नसेल तर गिऱ्हाइकाला परत वजन करायला पाठवायचं, आणि ते जायला तयार नसतं. मोबाईल नंबर विचारायचा, पिशवी हवी का विचारायचं, समोर ठेवलेल्या ऑफरची आठवण करून द्यायची. मग पैसे. ‘माझ्या खात्यातून कट झालेत’ आणि ‘मशीनवर आले नाहीत’ या दोन वाक्यांमध्ये जो वेळ जातो, त्यात मागची रांग आपल्याला काय काय म्हणते ते सगळं ऐकू येतं.

एका रविवारी संध्याकाळी सत्तरीचे एक काका तेलाच्या पिशवीवर अडले.

“फळीवर 139 लिहिलंय. तुम्ही 152 कसे लावता?”

“काका, ऑफर काल रात्री संपली. लेबल बदलायचं राहिलंय.”

“ते मला नका सांगू ताई. लिहिलंय तेवढेच देणार.”

काकांचं बरोबरच होतं. पण लागलेली वस्तू बिलातून काढायला सुपरवायझरचं कार्ड लागतं. हात वर करून “दादा, व्हॉइड!” अशी हाक मारायची आणि वाट बघायची. दादा तिसऱ्या काउंटरवर सुट्ट्या पैशांत अडकलेले. ते आले, त्यांनी एका पोराला फळीकडे पिटाळलं, पोरगा लेबलचा फोटो घेऊन आला, दादांनी मॅनेजरला फोन लावला. मागच्या बाई म्हणाल्या, “यांना साधं बिलसुद्धा करता येत नाही.” शेवटी 139 मंजूर झाले आणि काका समाधानाने गेले. रात्री त्या तेरा रुपयांचा खुलासा किराणा विभागाकडे मागितला गेला. लेबलं बदलायचं काम जिच्याकडे होतं, तिला त्या सकाळी माणसं कमी म्हणून गाडी उतरवायला लावलं होतं. तिने तसं सांगितलं. उत्तर मिळालं, “मग गाडीनंतर करायचं होतं.” माणसं कमी का होती, हा प्रश्न खुलाशाच्या फॉर्मवर नव्हता.

22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 वर आले, तूप-लोणी 12 वरून 5 वर. तोवर मी नोकरी सोडली होती, पण जुन्या मैत्रिणींकडून कळलं ते नेहमीचंच. निर्णय दिल्लीत, दरांची फाईल मुख्यालयात, आणि पट्ट्या बदलायला रात्री थांबणारे हात दुकानात. पाकिटावर जुनी एमआरपी, बिलात कमी रक्कम. बिल कमी आलं तरी लोक विचारत होते, “आमचं नक्की किती वाचलं?” तेही काउंटरवरच्या बाईलाच समजावून सांगायचं.

एका छपराखाली काम करणारे सगळे एका कंपनीचे नसतात हे बाहेरच्याला कळत नाही. शाम्पूच्या रांगेत ‘हा वापरून बघा ना मॅडम’ म्हणणारी मुलगी शाम्पू कंपनीची प्रमोटर असते, आणि तिचा पगार बहुतेक वेळा एखाद्या एजन्सीकडून येतो. दारावर बिलाला छिद्र पाडणारे काका सुरक्षा कंपनीचे. झाडलोट करणाऱ्या मावशी आणखी तिसऱ्याच कंत्राटदाराच्या. गर्दीत मात्र प्रमोटर खोकी उचलते, मावशी काउंटरवर पिशव्या भरते, आणि दिवाळीत कुणाची सुट्टी कुणी द्यायची यावर तीन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

या नोकरीत चांगलं काही नाही असं मात्र कुणी म्हणू नये. किराणा दुकानातल्या पोऱ्याला पगाराची पावती मिळत नाही, इथे मिळते. पीएफ कापला जातो, ईएसआयचं कार्ड असतं, पगार ठरलेल्या तारखेला खात्यात येतो. बिलिंगच्या एका ताईंना याच पावतीवर मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मिळालं, नवऱ्याच्या रिक्षाच्या कमाईवर ते मिळत नव्हतं. 2017 चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा सलग ठरावीक तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर सांगतो, आणि साखळीत किमान कागद तरी त्याप्रमाणे ठेवावे लागतात. शेठच्या दुकानात कायद्याचं नावही निघत नाही.

पण दोन गोष्टी अंगावर येतात. एक म्हणजे संशय. कामावर येताना मोबाईल जमा, जाताना पिशवी आणि खिसे तपासून घ्यायचे. रात्री कॅश मोजताना कमी भरले तर आपल्या खिशातून भरायचे, जास्त भरले तर ते कंपनीचे. मालाच्या मोजणीत तूट निघाली तर माल गिऱ्हाइकाने चोरला, गाडीतच कमी आला की नोंद चुकली हे बघण्याआधी नजर फळीवरच्या पोरांकडे वळते.

दुसरी म्हणजे पाय. वातानुकूलित दुकानात उभं राहण्यात काय कष्ट, असं घरच्यांनाही वाटतं. तासन्‌तास फरशीवर उभं राहिलं की पोटऱ्या दगड होतात, टाचा ठणकतात, आणि रांग सोडून बाथरूमला जायचं तर पुन्हा दादांना हाक मारायची. त्यावर सोपा उपाय म्हणजे पाणी कमी पिणं, आणि आमच्यातल्या बहुतेक बायका तेच करायच्या. बसायला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बसायला काही नव्हतंच.

केरळमध्ये हा बसण्याचा प्रश्न आधीच उघडपणे विचारला गेला. कोझिकोडच्या बाजारपेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी एकत्र आणलं आणि बसण्याचा हक्क मागितला. 2018 मध्ये केरळने कायद्यात तशी तरतूद केली. 2021 मध्ये तमिळनाडूने केली. दोन्हीकडे दुकानं बुडाली नाहीत, कापड विकणाऱ्या बायका बसून उठल्या म्हणून गिऱ्हाईक परत गेलं नाही.

साखळी दुकानाला बारीक हिशोब येत नाही असं तर कुणीच म्हणणार नाही. कुठलं बिस्कीट किती इंचांत बसवलं की जास्त खपतं, हे त्याला पाठ असतं. तोच नकाशा काढताना काउंटरमागे एका स्टुलाची जागा आखायला कितीसा खर्च येणार आहे? आणि लेबल चुकलेलं दिसत असताना पन्नासेक रुपयांपर्यंतचा फरक काउंटरवरच्या बाईने स्वतः सोडवावा, एवढा अधिकार तिला दिला तर रांगही पुढे सरकेल. शेठ हा अधिकार गल्ल्यावर बसलेल्या पुतण्याला पहिल्याच आठवड्यात देतो. रोज लाखोंची रोकड मोजून देणाऱ्या बाईवर तेरा रुपयांचाही भरवसा नसेल, तर तिच्याकडून दुकान आपलं समजून काम करण्याची अपेक्षा मुख्यालयाने सकाळच्या ब्रीफिंगमध्ये बोलून दाखवू नये.