बुंदी आणि मूठभर बेदाणे

आज कोडिंगला सुट्टी, आज बुंदी. आमची चार वर्षांची लॅब्राडोर. गाडीची किल्ली वाजली की ही दारात हजर.

दिवाळीत पुण्याहून गुहागरला निघालो होतो. वाटेत पाटणला आत्याकडे थांबलो, तर आत्याने लाडाने तिला मूठभर बेदाणे भरवले. "अरे, सुका मेवा आहे, पौष्टिक!" मी आपला फोटो काढतोय. बायकोने कुठंतरी वाचलं होतं, तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, थांबू नका, दवाखान्यात न्या.

तर भानगड अशी, की द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. संशय टार्टारिक ॲसिडवर आहे. तेच चिंचेतही असतं, म्हणजे आपली चिंच-गुळाची आमटीसुद्धा बाद! किती खाल्लं तर चालेल, असा आकडाच नाही. एखाद्याला काहीच होत नाही, दुसरा थोडक्यातच आजारी पडतो. शिवाय किडनीचा त्रास दिसायला एक ते तीन दिवस जातात, तोवर कुत्रं मजेत दिसू शकतं. म्हणून पहिले दोनेक तास मोलाचे. तेवढ्यात डॉक्टर औषध देऊन उलटी करवतात. घरी मिठाचं पाणी पाजायचं नाही हं, त्याने वेगळीच विषबाधा होते.

बुंदीला उलटी करवली, सलाईन लावलं, तीन दिवस क्रिएटिनिन तपासलं. नॉर्मल. गुहागर राहिलं ते राहिलंच.

आता प्रवासात खाऊ म्हणजे काकडी नाहीतर उकडलेलं गाजर. आत्या रोज फोन करते. माझी चौकशी नाही, बुंदीची.