औषधातले सोने शरीरात कुठे जाते?

सोने आम्लराजाखेरीज सहसा कशाला दाद देत नाही, असे आपण वर्गात सांगतो. मिठाईवरचा सोन्याचा वर्ख पोटात गेला तरी जसाच्या तसा बाहेर पडतो. मग सोन्याचे औषध कसे होते, असे एखादा चौकस विद्यार्थी नक्की विचारील.

या औषधांत सोने धातुरूपात नसते. त्याच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो आणि तो गंधकाशी जोडलेला असतो. १८९० साली रॉबर्ट कॉख यांना सोन्याच्या सायनाइडमुळे क्षयाच्या जंतूंची वाढ परीक्षानळीत थांबते असे आढळले. पुढे १९२९ मध्ये फ्रेंच डॉक्टर जाक फोरेस्तिए यांनी सोन्याच्या संयुगांचा रुमॅटॉइड संधिवातावरील उपयोग प्रसिद्ध केला.

सोडियम ऑरोथायोमॅलेटचे इंजेक्शन स्नायूत देत असत. रक्तात आल्यावर सोने जुना जोडीदार सोडते आणि मुख्यतः अल्ब्युमिन या प्रथिनातील गंधकाला चिकटते. चयापचयात कोणताच अणू मोडत नाही, तसा सोन्याचाही मोडत नाही. बदलतात ते त्याचे जोडीदार.

यातला एक जोडीदार चकित करणारा आहे. दाह असलेल्या जागी पांढऱ्या पेशी थायोसायनेटपासून अत्यल्प सायनाइड तयार करतात. सोने त्याच्याशी जोडले गेले, की ते पेशींत सहज शिरते. तंबाखूच्या धुरातही सायनाइड असते; म्हणूनच हे औषध घेणाऱ्या धूम्रपानी रुग्णांच्या तांबड्या पेशींत सोने अधिक आढळले. कॉख यांच्या परीक्षानळीतली जोडी शरीरात अशी पुन्हा जुळते!

इंजेक्शनने दिलेले सोने बरेचसे लघवीवाटे, तर काही विष्ठेवाटे बाहेर जाते. १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ऑरॅनोफिन या तोंडाने घ्यायच्या औषधातले सुमारे पाव सोनेच शोषले जाते. पण हे उत्सर्जन फार संथ असते. मूत्रपिंडात व त्वचेत सोने वर्षानुवर्षे राहू शकते. काहींची उन्हात उघडी राहणारी त्वचा निळसर-करडी होई, तर काहींच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागत. त्यामुळे रुग्णाची लघवी व रक्त वारंवार तपासावे लागे. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आल्यावर हा उपचार मागे पडला.

सोडियम पाण्यात पेट घेतो, पण मीठ आपण रोज खातो. सोन्याची गोष्ट नेमकी उलटी आहे: धातू निरुपद्रवी, संयुग मात्र प्रभावी. मूलद्रव्य व त्याचे संयुग यांतला फरक शिकवताना ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.